मुद्दाम असंच ठेवलं आहे

कॅनडातल्या थंडर बे गावातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत मीटिंगचा एक नियम होता आणि कंपनी चालवणाऱ्या डार्सीला त्याचा फार अभिमान होता. काही बिघडलं तर कोणाचं नाव घ्यायचं नाही. 'कोणामुळे' असं विचारायचं नाही, 'कशामुळे' असं विचारायचं. अहवालात माणसं नसतात, 'एक अभियंता' असतो. नियम चांगल्या मनानं केलेला होता, आणि चांगल्या मनानं केलेला नियम माणसाला कसा कोंडतो ते तिथल्या एक अभियंता आयला कोस्किनेन यांना त्या मंगळवारी कळलं.

रविवारी सकाळी उत्तरेकडच्या अकरा दवाखान्यांमधले संगणकाचे पडदे चार तास बंद पडले होते. त्या गावांना रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून ट्रक जातात, एरवी विमान. तिथं नर्स हीच डॉक्टर, आणि कोणत्या रुग्णाला कोणतं औषध किती द्यायचं ती यादी या कंपनीचा प्रोग्रॅम दाखवतो. यादी गेली तशा नर्सांनी जुन्या वह्या बाहेर काढल्या, फोनवर फोन केले आणि निभावून नेलं. कोणाला काही झालं नाही हे नशीब. पण प्रोग्रॅम ज्या ओळीवर कोसळला ती ओळ एमॉस मीकिसनं लिहिलेली होती.

एमॉस कंत्राटावर होता आणि त्याचं कंत्राट येत्या शुक्रवारी संपत होतं. दवाखान्यांशी झालेल्या करारात एक कलम होतं: ज्या कंत्राटी माणसाच्या कामामुळे सेवा बंद पडली, त्याला पुन्हा घ्यायचं नाही. दोष बाहेरून घेतलेल्या साधनाचा निघाला, तर मात्र ते कलम लागत नव्हतं. म्हणजे अहवालात काय लिहिलं जातं त्यावर एमॉसची नोकरी टांगलेली होती, आणि अहवाल शुक्रवारी दुपारी चारला जायचा होता.

मीटिंगमध्ये त्याचं नाव कोणी घेतलं नाही. गरजच नव्हती. डार्सी 'एका अभियंत्यानं लिहिलेली ओळ' असं वाचायची आणि टेबलाभोवतीची सगळी मंडळी एकदम खिडकीबाहेर बघायला लागायची. एमॉस एकटा टेबलाकडे बघत बसला होता.

आयलाला राहवलं नाही. "ओळ चुकली हे खरं," ती म्हणाली, "पण ती चाचणीतच पकडली जायला हवी होती. चाचणी हिरवी आली, म्हणजे पास. का आली, तर तपासणी करणारी लायब्ररी माझी—"

"आयला," डार्सी गोड आवाजात म्हणाली, "नावं नकोत."

"माझंच घेतेय ना?"

"स्वतःचंही नको. नियम सगळ्यांना सारखा. 'बाहेरची एक लायब्ररी' म्हण."

"बरं. बाहेरच्या एका लायब्ररीची तपासणी चुकीची आहे. झालं?"

डार्सीनं समोरच्या पडद्यावर त्या लायब्ररीचं, म्हणजे कोणीही घेऊन आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा अशा तयार कोडचं, पान उघडलं. ती तयारी करून आली होती. "हे बघ, सात वर्षांपूर्वी कोणीतरी नेमकी हीच तक्रार केलेली आहे. आणि लायब्ररीकडून उत्तर आहे, 'मुद्दाम असंच ठेवलं आहे.' तक्रार बंद. मग चुकीचं काय झालं? लायब्ररी जशी चालायची तशी चालली."

तिनं तसंच टाइप केलं: 'बाहेरची लायब्ररी अपेक्षेप्रमाणे चालली.' उत्तराखाली ते कोणी दिलं त्याचं नाव होतं. डार्सीनं ते वाचलं नाही. नियम होता ना.

ते नाव आयलाचं होतं.

लायब्ररीचं नाव प्लंब, म्हणजे गवंड्याचा ओळंबा. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तसा प्रोग्रॅम सरळ आहे का ते बघायला लोक प्लंब वापरायचे. आयलानं ती अकरा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात स्वतःसाठी लिहिली, हौसेनं सगळ्यांना फुकट देऊन टाकली, आणि तिथंच फसली. वापरणारे वाढत गेले. आता लाखभर प्रोग्रॅम तिच्यावर टेकलेले होते, आणि त्यातल्या कोणाचंही काही अडलं की तो आयलाला लिहायचा. कोणी नम्रपणे, कोणी ती आपली पगारी नोकर असल्यासारखा. रविवार नाही, सण नाही. अकरा वर्षं लष्कराच्या भाकऱ्या भाजून तिचे हात भाजले होते.

सुटकेचा दिवस मात्र ठरला होता. पिट्सबर्गमधली एक धर्मादाय संस्था अशा जुन्या लायब्रऱ्या दत्तक घ्यायची. येत्या सोमवारी प्लंब त्यांच्याकडे जाणार होती. तिथल्या एव्हरेट नावाच्या गृहस्थांची एकच अट होती: हवाली होईपर्यंत लायब्ररीच्या वागण्यात बदल नको आणि मालकानं मान्य केलेला एकही दोष दुरुस्तीविना राहिलेला नको. एकदा दिली की मग त्यांचं ते बघतील. आयलानं आणि तिचा नवरा मायरन यानं त्या सोमवारी कँपवर, तळ्याकाठच्या त्यांच्या लाकडी खोलीवर जायचं ठरवलं होतं. लॅपटॉप घरी ठेवून. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हे पहिल्यांदाच होणार होतं.

आता हा दोष काय तो सांगायला हवा. प्रोग्रॅम लिहायच्या गो या भाषेत 'काहीच नाही' याला निल म्हणतात. प्रोग्रॅमला एखादं काम सांगितलं की ते दोन गोष्टी घेऊन परत येतं, एक उत्तर आणि दुसरी काही बिघडलं असेल तर त्याची खबर. बिघडलं नसेल तर खबरीच्या जागी निल. इथवर सरळ आहे, घोडं पेंड खातं ते पुढे. समजा फळीवर डबा आहे, डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी आहे आणि आत दाणाही नाही. आपण म्हणू, साखर नाही. गो म्हणते, डबा आहे ना फळीवर, मग 'काहीच नाही' कसं म्हणू? मग प्रोग्रॅम विश्वासानं डब्यात चमचा घालतो आणि तोंडावर आपटतो. एमॉसनं असाच चिठ्ठी लावलेला रिकामा डबा परत पाठवला होता. ही चूक गो लिहिणारा प्रत्येक जण एकदा तरी करतो, आणि जो 'मी नाही केली' म्हणतो त्याला ती अजून सापडलेली नसते.

चाचणी त्यासाठीच असते. 'इथं निल यायला हवं' असं लिहायचं, आणि प्लंबनं तपासून हिरवं, म्हणजे बरोबर, की लाल, म्हणजे चूक, ते सांगायचं. पहिल्या वर्षी प्लंबची तपासणी अगदीच कच्ची होती. एखाद्या साध्या आकड्याबद्दल 'हा निल आहे का' असं विचारलं तर ती स्वतःच कोसळायची. आकडा म्हणजे भरीव वीट, विटेला झाकण नसतं, आणि ही झाकण शोधायला जायची. आयलानं ते दुरुस्त केलं: आधी झाकण असणारी वस्तू आहे का ते बघायचं, मगच हात लावायचा. त्यानंतर लोक ओरडायला लागले की 'निल हवं होतं, निल मिळालं, तरी लाल' असा काय हा उफराटा निकाल. डबा रिकामा दिसतोय की. तेव्हा तिनं आणखी एक दया केली. प्लंब झाकण उघडून आत बघायला लागली आणि रिकाम्या डब्यालाही 'काहीच नाही, हिरवं' म्हणायला लागली. लोक खूश झाले. पण खरा प्रोग्रॅम झाकण उघडत नाही. म्हणजे ओळंबाच वाकडा, आणि त्याला धरून बांधलेल्या सगळ्या भिंती सरळ दिसणाऱ्या.

मीटिंग संपल्यावर एमॉस तिच्या टेबलापाशी आला. तो हळू बोलणारा माणूस होता, त्याच उत्तरेकडच्या एका गावातला. त्याच्या आईच्या औषधांची यादीसुद्धा रविवारी त्याच्याच ओळीमुळे गेली होती. त्यानं खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला.

"सात वर्षांपूर्वी माँटेव्हिडिओतल्या त्या बाईनं तुला सगळं लिहिलं होतं," तो म्हणाला. "उदाहरण देऊन. माझी ओळ आणि तिची ओळ, जवळजवळ सारखीच. तू चार मिनिटांत बंद केलीस तक्रार."

"वाचलंस तू?"

"वाचलं. चार मिनिटांत तुला समजलं नसेल असं मी म्हणू शकतो. पण तू एवढी बथ्थड नाहीस."

 आयलाला ती चार मिनिटं आठवत होती. पहिल्याच मिनिटात तिला कळलं होतं की बाईचं बरोबर आहे. उरलेल्या तीन मिनिटांत तिनं हिशेब केला होता: दुरुस्त केलं तर हजारो जणांच्या चाचण्या एका सकाळी लाल होतील, आणि ते हजारो जण आपल्या दारात येतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं चार शब्द लिहिले आणि जेवायला गेली.

"समजलं होतं," ती म्हणाली.

"बरं झालं सांगितलंस." एमॉसनं मान हलवली. तो रागावलेला दिसत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. "मी तिथं मीटिंगमध्ये काय म्हणणार होतो? 'हे माझ्यामुळे नाही' म्हणायचं, तर आधी कोणीतरी 'तुझ्यामुळे' म्हणायला हवं ना. माझं नाव कागदावर आहे कुठं? जे लिहिलंच नाही ते खोडायचं कसं?"

"शुक्रवारपर्यंत काहीतरी करते मी."

"टेसा नववीत गेलीय," तो म्हणाला. टेसा त्याची मुलगी. "आमच्या गावात आठवीपुढे शाळा नाही. इथं राहायचं तर एकतर बापाबरोबर, नाहीतर अनोळखी माणसांच्या घरी खोली घेऊन. मी तसा राहिलोय, चार वर्षं. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. तरी मी तिला तसं ठेवणार नाही. एवढंच सांगायचं होतं."

एवढं बोलून तो आपल्या जागेवर गेला आणि हेडफोन लावून बसला. आयला दुपारभर एकच फाइल उघडून तिच्याकडे बघत राहिली.

बुधवारी ती डार्सीच्या खोलीत गेली. डार्सी वाईट बाई नव्हती. कंपनी सुरू झाली तेव्हा तिनंच पहिला अर्धा प्रोग्रॅम लिहिला होता, नंतर माणसं सांभाळता सांभाळता लिहिणं सुटलं. खोलीत दोन मोठाली रोपटी होती आणि दार नेहमी उघडं असायचं.

"दार लावू का?" आयलानं विचारलं.

"एवढं गंभीर?"

"प्लंबच्या उत्तराखाली माझं नाव आहे, डार्सी. तुला माहीत आहे."

"कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर तुला घेतलं."

"मग मी सांगतेय ते लिही. ती तपासणी चुकीची आहे, दोष साधनाचा आहे."

डार्सीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऐक माझं. अहवाल आरोग्य खात्याकडे जातो. तिथं एक माणूस बसतो, त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याला वाचता येतं. तो प्लंबचं पान उघडणार. पानावर लिहिलंय, 'मुद्दाम असंच ठेवलं आहे.' लाखभर लोक वापरतात, कोणाची तक्रार नाही. आणि माझ्या कागदावर काय, तर हे साधन चुकीचं आहे. का? तर आमच्या ऑफिसातली आयला तोंडी म्हणाली. तो मला वेड्यात काढेल."

"मी मालकीण आहे त्याची."

"मग तिथं लिही ना. मला काय सांगतेस?"

आयलानं जवळच्या रोपट्याचं एक वाळकं पान खुडलं.

"का गं?" डार्सीनं विचारलं. "लिहिता येत नाही का?"

"सोमवारनंतर येईल."

"सोमवारी एमॉस इथं नसेल." डार्सीनं चष्मा परत घातला. आवाज अजून गोडच होता. "मला तो हवाय, खरंच हवाय. पण मी कलम लिहिलेलं नाही आणि लायब्ररीही लिहिलेली नाही. दोन्ही बाजूंनी माझे हात बांधलेत. तुझा एक तरी मोकळा आहे."

आयला बाहेर आली ती चडफडत. डार्सी खोटं बोलत असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती कॉफीच्या यंत्रापाशी उभी राहिली, कप भरला आणि तिथंच ठेवून आली. माँटेव्हिडिओतल्या बाईचा तिला राग आला, एव्हरेटचा आला, एमॉसचाही आला. दुसऱ्या कोणाची लायब्ररी वापरली असती तर त्याचं काय बिघडलं असतं? मग स्वतःचीच लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोराला राग येत होता संन्याशाचा.

संध्याकाळी घरी मायरन जेवणाच्या टेबलावर कँपची यादी करत बसला होता. तिथल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, धुराड्याचा एक तुकडा बदलायचा होता, तो त्यानं आणून भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यानं पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळले होते आणि तिची वाट बघून थोडे खाऊनही टाकले होते. आयलानं त्याला सगळं सांगितलं, माँटेव्हिडिओच्या चार मिनिटांसकट.

तो बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिला. "सोमवार किती दिवसांवर आहे?"

"पाच."

"पाच दिवस. अकरा वर्षं थांबलीस, आता पाच दिवस थांब. मंगळवारी त्या एव्हरेटला लिही, बाबा रे, यात खोट आहे. तो दुरुस्त करेल, शिव्या त्याला बसतील. त्याच्याकडे तीस माणसं आहेत शिव्या खायला."

"एमॉस शुक्रवारी जातो."

"त्याला दुसरीकडे मिळेल."

"सेवा बंद पाडली म्हणून काढलेल्या माणसाला? या गावात? किती कंपन्या आहेत अशा, सांग बोटं मोजून."

मायरननं बोटं मोजली नाहीत. "आणि लिहिलंस तर? एव्हरेट घेणार नाही."

"नाही घेणार."

"मग परत तेच. जेवताना फोन. माझ्या बापाच्या प्रेतापाशी बसून तू कोणा जर्मन माणसाला उत्तर देत होतीस, आठवतं?"

"आठवतं."

"मी तेव्हा काही बोललो नव्हतो."

"आत्ता बोललास."

"हो," मायरन म्हणाला, "आत्ता बोललो." त्यानं यादीचा कागद घडी करून खिशात घातला. तो ओरडला असता तर आयलाला चाललं असतं. तिनं थंड झालेले पिएरोगी खाल्ले, ताटली धुतली, आणि तिला वाटलं की या घराला दारं नाहीतच. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्या म्हणीत निदान उडी मारणाऱ्याला एकटंच बुडायचं असतं. इथं जिकडे उडी मारावी तिकडे दुसरंच कोणीतरी बुडत होतं.

गुरुवारी तिनं पळवाटा शोधल्या. तपासणीचं कडक रूप नव्या नावानं बाजूला ठेवावं, जुनं तसंच राहू द्यावं? मग जुनं चुकीचं आहे असं कुठंच लिहिलं जात नव्हतं, आणि त्याशिवाय डार्सीच्या कागदाला आधार नव्हता. पहिली चालू ठेवून शेजारी दुसरी आवृत्ती काढावी? लोक पहिलीवरच बसून राहतात, हे अकरा वर्षांत तिनं पुरतं पाहिलं होतं. एव्हरेटला विचारावं? तिनं विचारलंही. त्याचं उत्तर तासाभरात आलं, अतिशय सभ्य: 'आपली अडचण समजते. हवाली होईपर्यंत आपण कोणताही दोष मान्य करू नये अशी विनंती.' तिनं ते तीनदा वाचलं. सात वर्षांपूर्वी आपणही असंच सभ्य लिहिलं होतं, फक्त थोडक्यात.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ती ऑफिसात आपल्या टेबलाशी बसली. उन्हं चांगली पडली होती, लोक आठवड्याच्या सुट्टीच्या गप्पा मारत होते. तिनं सात वर्षांपूर्वीची तक्रार पुन्हा उघडली आणि लिहिलं:

'ही तक्रार बरोबर होती. मी ती वाचली तेव्हाच मला ते कळलं होतं, आणि त्रास नको म्हणून मी ती बंद केली. प्लंबची निल-तपासणी चिठ्ठी लावलेल्या रिकाम्या डब्याला निल म्हणते. गो तसं म्हणत नाही. हा दोष आहे आणि तो मी केलेला आहे. आज मी तो दुरुस्त करत आहे. तुमच्या चाचण्या लाल होतील. त्या आधीच लाल व्हायला हव्या होत्या.'

खाली नाव घातलं. दुरुस्ती लहान होती, झाकण उघडणाऱ्या तीन ओळी काढून टाकायच्या होत्या. तिनं त्या काढल्या, तपासल्या आणि दहा वीसला नवी आवृत्ती जगासाठी सोडली. 

कंपनीचा प्रोग्रॅम बाहेरच्या साधनांच्या नव्या आवृत्त्या रोज साडेदहाला आपणहून उचलायचा आणि सगळ्या चाचण्या चालवायचा. निकाल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यायचा. दहा पस्तीसला पडदा लाल झाला. कोणीतरी शीळ घातली. अठ्ठावन्न ठिकाणं. आणि प्रत्येक लाल ओळीपुढे ती ओळ ज्यानं लिहिली त्याचं नाव, कारण नाव न घेण्याचा नियम मीटिंगमध्ये होता, मशीनला तो कोणी शिकवला नव्हता.

लोक खुर्च्या वळवून वाचायला लागले. एमॉस मीकिस, दोन. आयला कोस्किनेन, सतरा. चार ओळी अशा माणसाच्या, जो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. आणि डार्सी मॅकगिलिव्हरे, एकवीस. बाकीच्या इतरांच्या. दवाखान्यांतल्या औषधांच्या याद्यांमध्ये तसेच सत्तावन्न डबे आणखी मांडून ठेवलेले होते, कोणी ना कोणी चमचा घालायची वाट बघत.

डार्सी खोलीतून बाहेर आली. पडद्यासमोर उभी राहून तिनं सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. चेहरा उतरला होता. ती वळली तेव्हा तिनं आयलाकडे पाहिलं नाही, एमॉसकडे पाहिलं.

"एकवीस," ती त्याला म्हणाली.

"जुन्या आहेत," एमॉस म्हणाला. "तेव्हा सगळे असंच लिहायचे."

"तू माझी समजूत घालू नकोस रे. आधीच मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

दुपारी दोनला अहवालातलं वाक्य बदललं: 'बाहेरच्या लायब्ररीत दोष होता, तो लायब्ररीच्या मालकानं जाहीरपणे मान्य केला आहे.' खाली आयलाच्या उत्तराचा पत्ता. चारला अहवाल गेला. साडेचारला डार्सीनं एमॉसच्या कंत्राटावर सही केली, पुढच्या एका वर्षासाठी. काम काय, तर अठ्ठावन्न ठिकाणं साफ करायची, आणि मग उरलेला प्रोग्रॅम पिंजून काढायचा.

तोवर बाहेरच्या जगात जे व्हायचं ते झालं होतं. आयलाच्या दारात चारशे बारा नव्या तक्रारी उभ्या होत्या. एकानं लिहिलं होतं की तुला लाज वाटायला हवी. एकानं लिहिलं होतं की आमचं काम तुझ्यामुळे बंद आहे आणि नुकसान कोण भरणार. एका शहाण्यानं अकरा वर्षांचे तिचे सगळे निर्णय क्रमवार नापास केले होते. धन्यवाद म्हणणारेही होते, मोजून नऊ. आणि पाच वाजता एव्हरेटचं पत्र आलं. सध्याच्या परिस्थितीत संस्थेला ही जबाबदारी घेता येणार नाही. लायब्ररी वर्षभर शांत राहिली, तर पुन्हा अर्ज करायला हरकत नाही.

वर्षभर शांत. आयलाला हसू आलं आणि ते हसू डोळ्यांपर्यंत जाऊन भलतंच काहीतरी झालं. तिनं बाहीनं चेहरा पुसला. मायरनला तिनं फोन केला नाही, दोन ओळी लिहून पाठवल्या. त्याचं उत्तर आलं: 'धुराडं मी एकटा बसवीन. तू ये जमलं तर.' त्यात राग नव्हता, थकवा होता, आणि तिला तो ओळखू येत होता कारण तो तिचाही होता.

एमॉस कोट घालून तिच्यापाशी आला. ऑफिस रिकामं झालं होतं. या वेळी त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

"टेसाला सांगितलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, मग पिझ्झा आण. बस्स, एवढंच."

"नववीतल्या मुली तशाच."

"आयला, मी तुझे आभार कसे—"

"नको. सात वर्षं उशिरा केलंय मी. आभार कसले."

तो थोडा वेळ तिच्या पडद्यावरचा तक्रारींचा आकडा बघत राहिला. तो बघता बघता दोननं वाढला. आयलाच्या मनात दुपारपासून एक गोष्ट घोळत होती. कोणाकडे काही मागायची तिला सवय नव्हती, पण तिनं विचारलं.

"अर्धी घेशील? प्लंब. तुला आता ती आतून माहीत आहे. दोघं असलो तर एकाला तरी रविवार मिळेल."

 एमॉसनं खरोखर विचार केला, हे तिला दिसत होतं. तो पडद्याकडे बघत होता, मग त्यानं हातातल्या टोपीकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "तू मला वाचवलंस, ते मी विसरणार नाही. पण संध्याकाळी मी तिला घरात हवा असतो, आणि नुसता घरात असून भागत नाही. हे एकदा हातात घेतलं की मी घरात असून नसल्यासारखा होईन. वाईट वाटतंय मला. तरी नाही."

"बरोबर आहे," आयला म्हणाली.

"रागावलीस?"

"नाही रे. मला मुलगी असती तर मीही हेच म्हटलं असतं. जा, पिझ्झा गार होईल."

"अजून घेतलासुद्धा नाही."

"मग घे आधी."

तो गेला. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. आयला राग येतोय का ते बघत बसली आणि तो आला नाही. आलं ते एवढंच की तिनं मनातल्या मनात त्याचा होकार धरूनच ठेवला होता, आणि दुसरं कोणीही आता उरलं नव्हतं.

हवाली करण्याच्या तयारीत गेल्या आठवड्यात तिनं प्लंबच्या पहिल्या पानावरची एक ओळ बदलली होती. तिथं 'सांभाळणार' असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे तिचं नाव होतं. सोमवारी संस्थेचं नाव येणार म्हणून तिनं आपलं पुसून जागा मोकळी सोडली होती. आता लोक विचारायला लागले होते की या लायब्ररीला कोणी वाली आहे का, कारण तिथं कोणीच नाही.

तिनं ते पान उघडलं. 'सांभाळणार' हा शब्द आणि त्यापुढे कोरी जागा. बाहेर अजून लख्ख उजेड होता, तळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. तिनं त्या जागी आपलं नाव टाइप केलं.